भिजत घोंगड्यांचं गोदाम: गिटहबचे इश्यू आणि डिस्कशन्स, विनावेतन प्रकल्पांच्या नजरेतून

गिटहब हे कोड ठेवायचं आणि त्यावर मिळून काम करायचं संकेतस्थळ. तिथे तक्रार किंवा मागणी नोंदवायची ती ‘इश्यू’ म्हणून, मोकळी चर्चा करायची ती ‘डिस्कशन्स’मध्ये. बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, नोंदवायला गिटहबच्या इश्यूंसारखी सोय क्वचितच सापडेल. कल्पना नोंदवायला मात्र ते जसे हाती येतात तसेच वापरले, तर भांडण लावायचं यंत्र होतात. दीड-दोन तास बसून मांडामांड केली तर त्यातलं बरंचसं मिटतं. श्रेयाची खोट तेवढी शिल्लक राहते. ती कुठल्याही सेटिंगने जात नाही.

हे परीक्षण करताना एक ठरावीक प्रकल्प डोळ्यांपुढे ठेवला आहे: दोन ते दहा जण फावल्या वेळात कोड लिहितात, वापरणारे काही हजार आहेत आणि पगार कोणालाच नाही. कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पाला हीच साधनं वेगळी लागू पडतात, ते ओघात येईलच. सार्वजनिक रिपॉझिटरीला (प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्याला) इश्यू, डिस्कशन्स, फॉर्म सगळं फुकट आहे. किंमत मोजावी लागते ती माणसांच्या वेळात.

खटका नेमका कुठे उडतो

कल्पना मांडणाऱ्याला एक हिरवं बटण दिसतं. ‘निर्यात करताना तारखेचा फॉरमॅट निवडता यावा’ एवढं लिहायला अर्धं मिनिट पुरतं. ते ज्याच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतं, त्याचं काम तिथून सुरू होतं. हीच मागणी आधी आली होती का ते शोधायचं. मागणीमागची अडचण कोणती ते ओळखायचं, कारण पुष्कळदा तारखेचा फॉरमॅट हे मूळ दुखणं नसतंच. पुढचं एखादं सॉफ्टवेअर ती फाइल वाचत नाही, हे असतं. मग सेटिंग कुठे ठेवायचं, जुन्या फाइलींचं काय करायचं, भाषांतराच्या किती नव्या ओळी वाढतील, कोणत्या चाचण्या बदलतील, मदतीच्या पानावर काय लिहायचं, हे सगळं बघायचं. प्रत्यक्ष कोड चाळीस ओळींचा असेल. पण ते सेटिंग पुढच्या प्रत्येक आवृत्तीत जिवंत ठेवावं लागतं, आणि ते काम कल्पना मांडणाऱ्याच्या वाट्याला सहसा येत नाही.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं कोड लिहिणाऱ्यांना वाटतं ते यामुळे. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. स्क्रीन रीडरवर अवलंबून असलेला वापरकर्ता जे एका वाक्यात सांगतो, ते वर्षभर तोच कोड वाचणाऱ्याला दिसलेलं नसतं. रोज आठ तास ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला चप्पल कुठे चावते हे पक्कं माहीत असतं, आणि ती माहिती कोडइतकीच दुर्मिळ आहे. ‘पॅच पाठवा’, म्हणजे बदल तुम्हीच लिहून द्या, हे उत्तर प्रोग्रामरच्या कानाला आमंत्रण वाटतं, इतरांच्या कानाला ‘दार तिकडे आहे’ असं. ‘हजारो लोकांना हे हवंय’ हे लिहिणाऱ्याच्या मते पुरावा असतो. वाचणाऱ्या स्वयंसेवकाला तो हुकूम वाटतो.

या आगीत तेल ओततं ते इश्यूचं बांधकाम. इश्यूला अवस्था दोनच: उघडा आणि बंद. बगला ते शोभतं, कारण बग सुटला की संपला. कल्पनेला असा नैसर्गिक शेवट नसतो. उघडा इश्यू कल्पना मांडणाऱ्याला वचनासारखा दिसतो, कोड लिहिणाऱ्याला थकलेल्या उधारीसारखा. बंद केला तर पहिल्याला तो अपमान वाटतो. म्हणून कोणी बंद करत नाही, आणि चार-पाच वर्षांत शेकडो कल्पना भिजत घोंगड्यासारख्या पडून राहतात. टॅबवर उघड्या इश्यूंचा आकडा झळकत असतो. नवा माणूस तो बघून समजतो की प्रकल्पात एवढे बग आहेत.

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या बग ट्रॅकरमध्ये यावर जुना आणि साधा उपाय आहे. गांभीर्याच्या पायऱ्यांमध्ये सगळ्यात खाली ‘विशलिस्ट’ नावाची वेगळी पायरी आहे. तिथे ठेवलेली कल्पना दहा वर्षं पडून राहिली तरी कोणी तिला बग समजत नाही. गिटहब नव्या रिपॉझिटरीत नऊ लेबलं तयार देतो. त्यात ‘एन्हान्समेंट’ (सुधारणा) आहे, पण लेबल लावल्याने आकडा बदलत नाही, अवस्था बदलत नाही, सूचनाही थांबत नाहीत. लेबल हा नुसता रंग आहे.

थम्ब्स-अप

जानेवारी २०१६ मध्ये अनेक मोठ्या प्रकल्पांच्या मेंटेनरांनी (प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी) गिटहबला उघडं पत्र लिहिलं होतं. अपुऱ्या माहितीचे इश्यू येतात, आणि ‘प्लस वन’ (मलाही हवंय) एवढ्याच प्रतिक्रियांनी इनबॉक्स भरतो, या त्यातल्या ठळक तक्रारी होत्या. फेब्रुवारीत टेम्प्लेट (मजकुराचे तयार साचे) आली, मार्चमध्ये रिअ‍ॅक्शन आल्या. तेव्हा अंगठ्यासारखी सहा चिन्हं होती, आता आठ आहेत.

रिअ‍ॅक्शनचा एक गुण निर्विवाद आहे: तिची सूचना कोणाला जात नाही. शंभर जणांनी अंगठा दाखवला तरी मेंटेनरचा फोन वाजत नाही, आणि यादी अंगठ्यांच्या उतरत्या क्रमाने लावून बघता येते. पण अंगठा फुकट आहे. एक माणूस दोनशे कल्पनांना अंगठा दाखवू शकतो. त्यामुळे आकडा आवड सांगतो, निकड सांगत नाही.

व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड-संपादकाचा नियम इथे नेहमी उदाहरण म्हणून पुढे केला जातो. नव्या मागणीला ६० दिवस मिळतात. तेवढ्यात २० अंगठे आले तर ती बॅकलॉगमध्ये (पुढच्या कामांच्या यादीत) जाते, नाहीतर बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) ती बंद करतो. नियम स्वच्छ आहे, आधी जाहीर केलेला आहे, आणि राग बॉटवर निघतो. पण तिथे बॅकलॉगच्या पलीकडे पगारी टीम बसलेली आहे. विनावेतन प्रकल्पात २० काय, २०० अंगठे आले तरी त्यातून एकही हात उगवत नाही. मागणी मोजली जाते, पुरवठा तेवढाच राहतो. हा नियम उचलून छोट्या प्रकल्पात बसवला की वीस अंगठे मिळवलेली माणसं आपण निवडणूक जिंकलो अशा सुरात बोलू लागतात, आणि ते स्वाभाविकच आहे. नियम ठेवायचाच असेल तर टेम्प्लेटमध्ये एक ओळ घालावी: अंगठे म्हणजे प्राधान्य नव्हे, त्यातून फक्त कोणाकोणाला ही अडचण येते ते कळतं.

फॉर्म: सगळ्यात जास्त फळ इथे

मांडामांडीच्या दोन तासांपैकी एक तास इश्यू फॉर्मवर घालवावा. साधं टेम्प्लेट म्हणजे आधीच भरून ठेवलेला मजकूर. लोक तो सगळा निवडतात, पुसतात आणि आपलं अर्ध्या मिनिटाचं वाक्य लिहितात. फॉर्ममध्ये वेगवेगळ्या चौकटी असतात, आणि सार्वजनिक रिपॉझिटरीत त्यातल्या काही सक्तीच्या करता येतात. सक्ती खाजगी रिपॉझिटरीत चालत नाही. तिथे चाचणी करून बघणारे हमखास गोंधळतात.

प्रश्न काय विचारावेत, याचा आतापर्यंतचा उत्तम नमुना गोडो या गेम इंजिनचा आहे. त्यांनी कल्पनांसाठी मुळात वेगळी रिपॉझिटरीच ठेवली आहे, म्हणजे मुख्य रिपॉझिटरीतला इश्यूंचा आकडा बगांचाच राहतो. त्यांचा पहिला प्रश्न कल्पनेबद्दल नाहीच. तुम्ही कोणत्या प्रकल्पावर काम करताय, असा आहे. मग अडचण कोणती, प्रस्तावाने ती कशी सुटेल, आराखडा किंवा स्यूडोकोड (साध्या भाषेतला कोडचा खर्डा). शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात धारदार: हे क्वचितच लागणार असेल तर थोड्या ओळींच्या स्क्रिप्टने भागेल का, आणि हे अ‍ॅड-ऑन (वेगळी जोडणी) न राहता गाभ्यातच का असावं?

पहिल्या प्रश्नाने ‘कोणालातरी लागेल’ छापाच्या कल्पना गळतात, कारण लिहिणाऱ्याचा स्वतःचा प्रकल्पच नसतो. शेवटच्या प्रश्नाने वादाची जागा बदलते. मेंटेनरला ‘नको’ म्हणावं लागत नाही. लिहिणाराच ‘अ‍ॅड-ऑन चालेल’ इथपर्यंत येऊन पोहोचतो. छोट्या प्रकल्पाने आणखी एक चौकट घालावी: ‘यातलं काय तुम्ही करू शकाल?’ पर्याय मात्र कोडपुरते नकोत. चाचणी आवृत्ती वापरून बघणं, नमुना फाइली देणं, मदतीचं पान लिहिणं, स्क्रीनचं रेखाटन, भाषांतर, आणि ‘यातलं काहीच नाही’. शेवटचा पर्याय असलाच पाहिजे. तो निवडणाऱ्याला शिक्षा नाही, पण वाचणाऱ्याला आधीच अंदाज येतो.

आता अडथळे. फॉर्मची फाइल ‘डॉट गिटहब’ फोल्डरमधल्या ‘इश्यू टेम्प्लेट’ फोल्डरमध्ये, वायएमएल (मांडणी लिहायची साधी मजकूर-पद्धत) स्वरूपात आणि मुख्य शाखेवर (कोडच्या मुख्य प्रतीत) असावी लागते. दुसऱ्या शाखेवर ठेवून ‘दिसत का नाही’ म्हणून डोकं खाजवणं ही नेहमीची चूक. नाव, वर्णन आणि मुख्य भाग हे तिन्ही हवेत, आणि मुख्य भागात नुसता सूचनांचा मजकूर चालत नाही, भरायची एकतरी चौकट लागते. पर्यायांच्या यादीत इंग्रजी ‘येस’, ‘नो’ अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं की वायएमएल त्याला खरं-खोटं समजतं आणि फॉर्म अवैध ठरतो. (पर्याय मराठीत ‘हो’ आणि ‘नाही’ लिहिले तर ही भानगड उद्भवत नाही.) फॉर्मने आपोआप लावायचं लेबल रिपॉझिटरीत आधी तयार असावं लागतं, नसेल तर ते मुकाट्याने वगळलं जातं, चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

त्याच फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये कोरे इश्यू बंद करायची ओळ आहे. ती टाकली नाही तर फॉर्मच्या खाली कोऱ्या इश्यूचा दुवा राहतो, आणि घाईतला माणूस नेमका तोच दाबतो. टाकली तरी एपीआयमधून (प्रोग्रामांसाठीच्या दारातून) कोरा इश्यू येऊ शकतो, पण तसं करणारे थोडे. याच फाइलमध्ये बाहेरचे दुवेही देता येतात. ‘नवी कल्पना’ हे बटण सरळ डिस्कशन्सकडे वळवायचं ते इथून.

फॉर्म लांबवायचा मोह आवरावा. पाच-सहा चौकटींच्या पुढे लोक सक्तीच्या जागी एक टिंब टाकून पुढे सरकतात, आणि टिंबांनी भरलेला फॉर्म वाचणं कोऱ्या इश्यूपेक्षाही चीड आणतं.

डिस्कशन्स: कल्पनेचं खरं घर

डिस्कशन्स २०२० मध्ये चाचणी स्वरूपात आले आणि २०२१ मध्ये पक्के झाले. सुरुवातीला सहा विभाग मिळतात, त्यातला ‘आयडियाज’ आपल्या कामाचा. इथे वर बाणाचं मत आहे, उत्तरांना पोटउत्तरं आहेत. आणि मुख्य म्हणजे, चर्चा चालू आहे याचा अर्थ कोणीतरी काम अंगावर घेतलंय असा कोणी काढत नाही. एवढ्या एका कारणासाठी तरी कल्पना इथे हलवाव्यात.

फायदा आणखी एक आहे, तो फारसा कोणी वापरत नाही. रिपॉझिटरीच्या ‘वॉच’ सेटिंगमध्ये इश्यू, पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती), रिलीज, डिस्कशन्स यांच्या सूचना वेगवेगळ्या निवडता येतात. कोड लिहिणाऱ्याने डिस्कशन्सच्या सूचना बंद ठेवाव्यात आणि पंधरा दिवसांतून एकदा वरच्या दहा चर्चा स्वतः जाऊन बघाव्यात. कल्पना दार ठोठावत आली की राग येतो. आपण होऊन तिच्याकडे गेलं की तीच कल्पना रंजक वाटते. कल्पना तीच, मेंटेनर तोच. फरक पडतो तो वेळ कोणी निवडली याने.

गोस्टी या टर्मिनल एम्युलेटरने ही पद्धत टोकाला नेली आहे. वापरकर्त्याने थेट इश्यू उघडायचाच नाही, आधी चर्चा करायची; इश्यू म्हणजे ज्यावर आज काम सुरू करता येईल असंच काहीतरी. बाहेरून हे उद्धट वाटतं. प्रत्यक्षात इश्यूंची यादी वाचण्याजोगी राहते, आणि नव्याने कोड लिहायला आलेल्याला त्यातला कोणताही इश्यू बिनधास्त उचलता येतो. ज्या प्रकल्पांत कल्पना आणि कामं एकाच यादीत असतात, तिथे नवखा प्रोग्रामर नेमकी कोणालाच नको असलेली कल्पना उचलतो, दोन शनिवार-रविवार घालवतो आणि पुल रिक्वेस्ट नाकारली गेल्यावर कायमचा निघून जातो. कल्पनावाले आणि कोडवाले यांच्या भांडणात हा तिसरा माणूस भरडला जातो.

डिस्कशन्समध्येही फॉर्म लावता येतो, पण फाइलचं नाव विभागाच्या दुव्यातल्या नावाशी तंतोतंत जुळावं लागतं. विभागाचं नाव बदललं आणि फाइलचं राहिलं, तर फॉर्म गुपचूप गायब होतो. मतदानाच्या विभागात फॉर्म चालतच नाही.

इश्यूचं डिस्कशन करताना सगळ्या प्रतिक्रिया बरोबर येतात, मूळ इश्यू बंद होऊन कुलूपबंद होतो. जुनं गोदाम रिकामं करायला हे सोयीचं. उलट दिशेने मात्र घोडं पेंड खातं. डिस्कशनवरून इश्यू तयार केला की फक्त पहिला मजकूर पुढे जातो. साठ उत्तरांमध्ये झालेला निर्णय, टाळलेले तीन पर्याय, कोणाचा आक्षेप कशाला होता, हे सगळं मागेच राहतं. आणि वर्षभराने कोणीतरी कोड लिहितो तो पहिल्या मजकुराप्रमाणे, म्हणजे नेमका चर्चेत बाद झालेला. म्हणून इश्यू तयार केल्याबरोबर त्याचा मजकूर पुन्हा लिहायचा: काय ठरलं, काय करायचं नाही, काम पूर्ण झालं हे कशावरून ओळखायचं. दहा-बारा ओळी पुरतात. हा सारांश कोड न लिहिणारा माणूसही लिहू शकतो, किंबहुना तोच बरा लिहितो.

नकार देण्याची साधनं

२०२२ पासून इश्यू बंद करताना कारण निवडता येतं: ‘पूर्ण झाला’ की ‘बेत नाही’ (‘आधीच नोंदवलेला’ हे कारण नंतर वाढलं). पहिला जांभळा दिसतो, दुसरा राखाडी. लहानशी गोष्ट आहे, पण त्याआधी झालेलं काम आणि नाकारलेली कल्पना यादीत सारखीच दिसायची. नकाराच्या सोबत मजकूर हवाच, आणि त्यासाठी साठवलेली उत्तरं वापरावीत. रात्री अकरा वाजता ताजं लिहिलेलं उत्तर नको तेवढं तिखट होतं. चांगल्या नकारात अडचण समजल्याची एक ओळ असते, न करण्याचं खरं कारण असतं (‘पुढे सांभाळायला कोणी नाही’ हे पूर्ण वैध कारण आहे), आणि आजच्या आज करता येण्याजोगी पळवाट असते. ‘सध्या वेळ नाही’ हे लिहू नये. ते नकार म्हणून दिलेलं असतं आणि होकार म्हणून वाचलं जातं.

कर्ल या, इंटरनेटवरून फाइली आणणाऱ्या साधनाच्या, प्रकल्पाची रीत इथे लक्षात घेण्यासारखी आहे. चांगली पण कोणी अंगावर न घेतलेली कल्पना रिपॉझिटरीतल्या करायच्या कामांच्या यादीत लिहिली जाते आणि इश्यू बंद होतो. कल्पना मेली नाही, तिला पत्ता मिळाला; इश्यूंच्या टॅबवर मात्र ती उरत नाही. यादी साधी मजकुराची फाइल असल्यामुळे तिच्यात सुधारणा सुचवणं हीही कोड न लिहिणाऱ्याला जमणारी पुल रिक्वेस्ट होते.

याच्या उलट टोकाला, पडून राहिलेले इश्यू आपोआप बंद करणारी ‘स्टेल’ अ‍ॅक्शन. जशी आहे तशी लावली की ६० दिवस हालचाल नसलेल्या इश्यूवर ती खूण करते आणि आणखी ७ दिवसांनी बंद करते. बगच्या बाबतीत ‘माहिती हवी’ लेबल लागलेल्या इश्यूंपुरती ठेवली तर उपयोगाची आहे. कल्पनांवर सोडली तर अनर्थ. मेंटेनर गप्प बसला याची शिक्षा लिहिणाऱ्याला होते, आणि मग तो दर दोन महिन्यांनी येऊन ‘हे अजून हवंय’ एवढंच लिहून जातो. ज्या रिकाम्या प्रतिक्रियांना कंटाळून बॉट लावला, त्याच बॉटमुळे त्या वाढतात. अ‍ॅक्शनमध्ये काही लेबलं वगळायची सोय आहे, ती आधी भरावी.

चर्चा तापली तर कुलूप आहे, विषयांतर झालेल्या प्रतिक्रिया झाकता येतात, आणि नव्या लोकांना ठरावीक काळ लिहिण्यापासून थांबवताही येतं, २४ तासांपासून ६ महिन्यांपर्यंत. ही साधनं वापरायला मेंटेनर संकोचतात. लोकांचा रेटा किती महाग पडू शकतो ते एक्सझेड (फाइली लहान करायचं एक साधन) प्रकरणात दिसलं. २०२२ मध्ये एका दमलेल्या मेंटेनरवर ‘काम पुढे सरकत नाही, दुसऱ्याला सोपवा’ असा सतत दबाव आणणारी काही नावं होती, ती बनावट असावीत असा दाट संशय आहे. ज्याला पुढे अधिकार मिळाले त्या खात्यातून ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदार घुसलं. मार्च २०२४ मध्ये ते उघडकीला आलं तेही एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणीने) लॉग-इन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे एका इंजिनिअरच्या नजरेत भरलं म्हणून. तेव्हा मागण्यांचा रेटा हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही.

हक्क आणि श्रेय

कल्पना देणाऱ्यांना आत घ्यायचं गिटहबकडचं उत्तम साधन म्हणजे ‘ट्रायाज’ भूमिका. या भूमिकेतल्या माणसाला लेबलं लावता येतात, इश्यू बंद-उघड करता येतात, एकसारखे इश्यू जोडता येतात, काम कोणाला द्यायचं ते नोंदवता येतं. कोडला हात लावता येत नाही. ज्याने तीन-चार नीट मांडलेल्या कल्पना दिल्या, त्याला ही भूमिका द्यावी. महिन्याभरात त्याच्या स्वतःच्या मागण्यांचा सूर बदलतो, कारण आता इतरांचे अर्ध्या मिनिटाचे इश्यू त्यालाच वाचावे लागतात.

गोम अशी की ही भूमिका फक्त ऑर्गनायझेशनच्या (सामूहिक खात्याच्या) रिपॉझिटरीत मिळते. वैयक्तिक खात्यावरच्या रिपॉझिटरीत मालक आणि सहयोगी एवढेच दोन प्रकार, आणि सहयोग्याला कोड ढकलायचा हक्क आपोआप मिळतो. म्हणून प्रकल्प ऑर्गनायझेशनमध्ये हलवावा. मोफत आहे, जुने दुवे नव्या जागी वळतात, इश्यू आणि अंगठे सोबत येतात.

आता ती न जाणारी खोट. रिपॉझिटरीच्या उजव्या बाजूला ‘कॉन्ट्रिब्युटर्स’ अशी चेहऱ्यांची रांग दिसते. ती कमिटवरून (कोडमध्ये नोंदवलेल्या बदलांवरून) तयार होते. स्वल्पविराम दुरुस्त करणाऱ्याचा चेहरा तिथे येतो. ज्याच्या कल्पनेवर अख्खी आवृत्ती उभी राहिली त्याचा येत नाही. इश्यू उघडल्याची नोंद त्या माणसाच्या स्वतःच्या प्रोफाइलवरच्या हिरव्या चौकोनांत होते, प्रकल्पाच्या पानावर नाही. कोण आपलं आणि कोण पाहुणा हे गिटहब या रांगेतून ठरवतो, आणि कल्पना देणाऱ्यांची निम्मी कटुता तिथून येते.

लिनक्स कर्नलमध्ये यासाठी कमिटच्या तळाला ‘सजेस्टेड-बाय’ ही ओळ लिहायची रीत आहे, आणि जाहीरपणे न मांडलेल्या कल्पनेच्या बाबतीत त्या माणसाला विचारून मगच नाव घालायचं, हा संकेतही लेखी आहे. गिटहबवरच्या प्रकल्पातही ती ओळ लिहिता येते, पण गिटहब तिचं काहीच करत नाही, ती निव्वळ मजकूर राहते. ‘को-ऑथर्ड-बाय’ ही ओळ तो २०१८ पासून ओळखतो आणि चेहराही दाखवतो. म्हणून काही प्रकल्प कल्पनेलाही तीच लावतात. हे टाळावं. ती ओळ कोडच्या लेखकत्वाची आहे. पुढे कधी परवान्याचा प्रश्न आला तर ज्याने एक अक्षर कोड लिहिला नाही त्याचीही संमती शोधत बसावं लागेल.

त्यापेक्षा ‘ऑल कॉन्ट्रिब्युटर्स’ ही पद्धत बरी. त्यात कल्पना, रचना, दस्तऐवज, भाषांतर, चाचणी अशा कामांना वेगवेगळी चिन्हं आहेत. इश्यूमध्येच बॉटला हाक मारली की तो रीडमीमधल्या (प्रकल्पाच्या ओळखपानातल्या) तक्त्यात नाव वाढवतो. मात्र प्रत्येक नावामागे तो एक पुल रिक्वेस्ट उघडतो, त्यामुळे महिन्याची नावं साठवून एकदम घालावीत. आणि बदलांच्या नोंदीत प्रत्येक नव्या सोयीपुढे ‘कल्पना: अमुक, कोड: तमुक’ असं लिहावं. याला कुठलंही साधन लागत नाही.

एक नवी गुंतागुंत या सगळ्याला ओलांडून आली आहे. कल्पना देणारा आता भाषा-मॉडेलकडून कोड लिहून घेतो आणि सरळ पुल रिक्वेस्ट पाठवतो. ‘पॅच पाठवा’ या जुन्या उत्तराची हवाच निघून गेली. कोड तपासणं आणि सांभाळणं हे काम होतं तिथेच आहे. उलट सहाशे ओळी वाचायच्या म्हणजे ते वाढलं. पुल रिक्वेस्टच्या टेम्प्लेटमध्ये ‘कोणत्या मान्य झालेल्या इश्यूवर हे काम आहे?’ हा प्रश्न पहिला ठेवावा. मात्र इश्यूसारखा सक्तीचा फॉर्म गिटहब पुल रिक्वेस्टला देत नाही, तिथे अजून जुनं पुसता येणारं टेम्प्लेटच आहे. ही उणीव आता टोचते.

इतर पर्याय

मोठ्या, भाषा किंवा रचना बदलणाऱ्या कल्पनांना यातलं काहीच पुरत नाही, तिथे लेखी प्रस्तावाची पद्धत लागते. पायथन भाषेत प्रस्तावाच्या लेखकांत गाभ्यातला एकही डेव्हलपर नसेल तर एक प्रायोजक शोधावा लागतो. रस्ट भाषेत अखेरच्या आक्षेपांसाठी दहा दिवस दिले जातात, आणि नियमातच म्हटलंय की प्रस्ताव मंजूर झाला म्हणजे त्याला प्राधान्य मिळालं असं नव्हे, तो अमलात आणायला त्याचा लेखकही बांधील नाही. पाच जणांच्या प्रकल्पाने ही अख्खी यंत्रणा उचलू नये. रस्टच्या नियमातलं ते वाक्य तेवढं आपल्या मार्गदर्शक फाइलीत घालावं.

फक्त कल्पनांसाठीच जागा हवी असेल तर डिस्कोर्स या चर्चामंचाची मतांची सोय गिटहबपेक्षा सरस आहे. प्रत्येकाला मोजकीच मतं मिळतात, अनुभवाप्रमाणे ती वाढतात, आणि विषय बंद झाला की मत परत मिळतं. दोनशे अंगठे फुकट उधळता येत नाहीत म्हणून निकड कळते. पण सर्व्हर सांभाळायला माणूस हवा, आणि कल्पना कोडपासून एक खातं आणि एक लॉग-इन दूर जाते. फायडर त्याहून हलकं आहे: गो भाषेत लिहिलेलं, पोस्टग्रेस डेटाबेसवर चालणारं, नुसतं कल्पना आणि मतं. गिटलॅब या गिटहबसारख्याच संकेतस्थळावर इश्यूंना मतं आहेत, वर्णनाची टेम्प्लेट आहेत, पण चौकटींचा फॉर्म नाही. त्याच जातीच्या फोर्जोमध्ये फॉर्म आहेत, डिस्कशन्ससारखं काही नाही.

गिटहब सोडायची वेळ आली तर हा शेवटचा फरक महागात पडतो. फोर्जो आणि गिटलॅब दोन्हींकडे गिटहबवरून इश्यू आणि त्यांच्या प्रतिक्रिया ओढून घ्यायची सोय आहे. डिस्कशन्सना मात्र तिकडे उतरायला जागाच नाही; ती ग्राफक्यूएलने (गिटहबकडून माहिती मागवायच्या भाषेने) स्वतः स्क्रिप्ट लिहून काढावी लागतात. पाच वर्षांच्या कल्पना, त्यांची कारणं आणि नकार असे अडकून पडू नयेत असं वाटत असेल, तर चर्चा संपली की तिचा निकाल रिपॉझिटरीतल्या फाइलीत दोन ओळींत लिहायचा, कर्लसारखा. ती फाइल क्लोनबरोबर (रिपॉझिटरीच्या प्रतीबरोबर) कुठेही जाते.